मामाची पहिली कात्री

महिला दिनाला आमच्या कंपनीत एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. भाषणाच्या शेवटी त्यांनी आम्हा पुरुषांना गृहपाठ दिला. म्हणाल्या, "मोठं काही करू नका. घरात एक छोटंसं चांगलं काम करा आणि त्याचा गाजावाजा करू नका." टाळ्या पडल्या. त्या दिवशी समोसे फार छान होते, त्यामुळे भाषणही माझ्या लक्षात राहिलं. (ज्या भाषणानंतर नुसता चहा असतो ते मला कधीच आठवत नाही.)

मी राहतो शिरूरला आणि रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, हा माझा व्यवसाय. सुरुवातीला घरीही मी ही सेवा फुकट देत असे, पण शितलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, लग्नानंतर लवकरच ते डिपार्टमेंट बंद केलं. तेव्हापासून घरात माझ्याकडे ठरावीक असं कामच उरलं नव्हतं. म्हणून गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर मी जाहीर केलं, "आज दुपारी तू जरा झोप. अक्षदाला मी फिरवून आणतो."

शितलनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग म्हणाली, "पिशवी भरून देते. पाणी, टॉवेल, एक जादाचा फ्रॉक."

"दोन तासांसाठी पिशवी कशाला? आम्ही काय मुक्कामाला चाललोय?"

"बरं, नका नेऊ. पण तिच्या केसांला जपा. रविवारी जावळ हाय."

हे जावळ साधंसुधं नव्हतं. पोराचे जावळाचे केस मामाच्या मांडीवर, मामाच्या कात्रीनं निघायचे, त्याआधी त्यांना कात्री लावायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अक्षदाचा मामा म्हणजे भांडगावचा रोहिदास, शितलचा थोरला भाऊ. शेवंतीची शेती करतो. माणूस मनानं सोनं, पण रुसण्यात दौंड तालुक्यात पहिला. अक्षदाच्या बारशाला याचा फुलांचा टेम्पो हायवेवर अडकला, मुहूर्त टळतोय म्हणून आमच्या मंडळींनी त्याच्यावाचून पोरीला पाळण्यात घातलं, आणि हा दारातूनच परत गेला. चहासुद्धा घेतला नाही. तेव्हापासून बोलणं बंद. अक्षदा अडीच वर्षांची झाली तरी तो फिरकला नव्हता; दर भाऊबीजेला शितल ताट करून बसायची आणि संध्याकाळी मुकाट्यानं चंद्राला ओवाळायची. मला ते बघवत नसे. शेवटी आमच्या सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, लेकाची समजूत घातली. "जावळ तुझ्या दारात, तुझ्या मांडीवर, पयली कात्री तुझी," एवढं म्हटल्यावर तो विरघळला. मांडव ठरला, आचारी ठरला, बोकड ठरलं. शितलचं माहेर या रविवारी पुन्हा उघडणार होतं.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. त्यामुळे पुढे जे घडलं त्याबद्दल 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही.

बागेत नेलं तर पोरगी घसरगुंडीवरून पडेल, म्हणून मी सुरक्षित जागा निवडली. न्हावऱ्याच्या रस्त्याला ओळखीचं एक गुऱ्हाळ आहे, तिथं नेली. (उकळत्या काहिलीपेक्षा घसरगुंडी धोक्याची आहे, असं मला त्या वेळी का वाटलं, ते सांगता येणार नाही.) तिथं कामाला असलेल्या नकुशीमावशींनी लगेच पोरीला जवळ घेतलं. "तोंड सुकलं गं माझ्या बाईचं," म्हणाल्या आणि उसाच्या कांडीवर कोमट, चिवट गुळाचा गोळा गुंडाळून तिच्या हातात दिला. मी गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला तापमान मोजायचं यंत्र का ठेवत नाही म्हणून विचारत होतो. तो उत्तर द्यायचं टाळत होता. वळून बघतो तर अक्षदानं गुळाचा गोळा डाव्या कानामागं, थेट केसांत बसवला होता.

"बाबा, फूल," ती म्हणाली.

मी रुमालानं पुसायला गेलो. रुमालही तिथंच राहिला. एका ट्रॅक्टरवाल्यानं आपल्याजवळची खोबरेलाची बाटली आणून दिली, ते चोळलं. ऊस टाकायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "राख लाव, सुटतंय." राख लावली. आता डोक्यावर गूळ, तेल, राख आणि रुमाल असे चार पदार्थ एकजीव झाले. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता, प्रत्येकानं एकेक छोटंसं चांगलं कामच केलं होतं. मी निघालो तेव्हा नकुशीमावशी पाण्याचा तांब्या घेऊन मागं येत होत्या. मला वाटलं, प्यायला आणलंय. "नको मावशी, तहान न्हाई," म्हणत मी गाडीला किक मारली.

शिरूरला पोचेपर्यंत वाऱ्यानं गूळ वाळून खडखडीत झाला होता. मी पप्पूच्या सलूनसमोर गाडी थांबवली. माझा हिशेब सरळ होता. मागची एवढी एक बट काढायची, बाकीचे केस वरून घ्यायचे. दोनशे माणसांत एका बटेची चौकशी कोण करतो?

पप्पूनं पोरीला फळीवर बसवलं, पण कात्री उचलायच्या आधी विचारलं, "दाजी, जावळ झालंय ना हिचं? नसंल तर मी हात लावायचा न्हाई."

"झालंय की," मी म्हणालो.

कच्. बट निघाली. काम इथंच संपलं होतं. पण मी क्वालिटीचा माणूस. मी दोन पावलं मागं सरकून डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणालो, "पप्पू, डावी बाजू जरा कमी दिसतीय."

पप्पूनं उजवी बाजू कापली. मग उजवी कमी झाली. मग पुन्हा डावी. मग मागचं लांब वाटायला लागलं. प्रत्येक वेळी चूक मीच दाखवत होतो आणि ती चूक खरी होती. अक्षदा आरशात बघून टाळ्या वाजवत होती. दोन शेंड्यांची पोरगी दुकानात आली होती, आता फळीवर एक गुटगुटीत मुलगा बसला होता. पप्पूनं फवाऱ्यानं डोक्यावर पाणी मारलं आणि शेवटचा हात फिरवला. कानामागं राहिलेला गूळ पाण्याबरोबर अलगद ओघळून खाली आला.

"अरे," पप्पू म्हणाला, "हे तर पाण्यानंच निघतंय की."

मी रोज सकाळी गुळाचा चहा पितो. गूळ पाण्यात विरघळतो ही गोष्ट मला शास्त्र म्हणून माहीत होती. ती डोक्यावरही लागू पडते, हे सुचलं नाही.

जावळाचे केस भुईवर पडू देत नाहीत म्हणून मी खाली वाकून ते गोळा करायला लागलो, तसा पप्पूचा चेहरा उतरला. "दाजी, खोटं बोलला व्हय? मामा कोण हिचा?"

"भांडगावचा रोहिदास."

"शेवंतीवाला?" पप्पूनं पैसे घेतले नाहीत. आम्ही बाहेर पडताच त्यानं भरदुपारी शटर निम्मं खाली ओढलं.

बाजारातून मी एक टोपडं घेतलं. गुलाबी, लोकरीचं, हनुवटीखाली नाड्या असलेलं. दुकानदारानं बाहेरच्या उन्हाकडे एकदा बघितलं, पण गिऱ्हाईक मोडलं नाही.

घरी आलो तर शितल झोपून उठली होती. चेहरा कसा टवटवीत झाला होता. इतक्या दिवसांत मी तिला असं बघितलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं आणि मी टोपड्याची नाडी आणखी घट्ट केली.

"टोपडं कशाला?" तिनं विचारलं.

"गाडीवर वारं लागतं."

"मार्चात?"

"मार्चचं वारं लई वाईट."

"पप्पूकाका कच् कच् कच्," अक्षदा म्हणाली.

"काय म्हणतीय ही?"

"ऊस," मी म्हणालो. "गुऱ्हाळात ऊस खाल्ला ना. कच् कच्."

शितलनं एकदा टोपड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बरं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

आता रविवारपर्यंत ते टोपडं निघता कामा नये, म्हणजेच पोरीच्या डोक्याजवळ माझ्याशिवाय कुणी जाता कामा नये. अंघोळ शितल घालते, वेणीफणी ती करते, भरवते ती, झोपवते ती. थोडक्यात, ते डोकं दिवसभर तिच्याच हाताखाली असतं. ही सगळी खाती एकदम माझ्याकडे घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "रविवारपर्यंत पोरीचं सगळं मी करणार," मी छाती काढून सांगितलं आणि साहेबांना, म्हणजे एबनेझर साहेबांना, फोन करून रविवारच्या रजेला शुक्रवार-शनिवारही जोडून घेतले. कारण सांगितलं, घरी कार्य आहे.

शितल एकदाही 'कशाला' म्हणाली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

लोकहो, मी तीन शिफ्टमध्ये काम केलेलं आहे. ऑडिट काढलेली आहेत. पण कंपनीत एकदा पार्ट पास झाला की तो पास होतो. इथं घास पास झाला असं समजून मी पुढचा कालवायला घ्यावा, तर आधीचा गालातून परत यायचा. सकाळचा वरणभात संपेपर्यंत दुपारच्या खिचडीची वेळ व्हायची. टोपडं न काढता अंघोळ घालायची म्हणजे काय प्रकार असतो, ते ज्यानं घातली त्यालाच कळेल. ओलं टोपडं पोरीच्या डोक्यावरच वाळवायला मी पंखा लावायचो, पंख्यानं तिला शिंका यायच्या, आणि शिंका आल्या की मी शितलला म्हणायचो, "बघ, म्हणूनच टोपडं लागतं." दुपारी तिला थोपटून झोपवताना मीच झोपायचो आणि ती उठून डब्यातलं पीठ फरशीवर मांडायची. ते आवरावं तर तिला शी लागलेली असायची. ते उरकून यावं तर आवरलेलं पुन्हा मांडलेलं. दिवसभर एक मिनिट बसलो नव्हतो, आणि संध्याकाळी घरात बघितलं तर केलेलं काम म्हणून दाखवावं असं काहीही नव्हतं. शुक्रवारी मी बाथरूममध्ये गेलो आणि कडी लावून नुसता उभा राहिलो. लगेच दारावर थापा. "बाबा, काय करतो?"

शितल तेवढ्यात पार्लरला जाऊन आली. एक आख्खी मालिका एका बैठकीत बघितली. जेवताना अन्न गरम असतं हे तिला आठवलं, असं तिनंच मला सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते हसत सांगितलं, आणि मी ताटातला भात पुन्हा कालवायला घेतला.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण सिंधूबाई राहतात. त्यांनी मला गॅलरीत पोरीचे कपडे वाळत घालताना बघितलं आणि बातमी गल्लीभर केली. "असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी घावायचा न्हाई," असं त्या आपल्या मिस्टरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या. ते मिस्टर माझ्याशी अजून बोलत नाहीत. भांडगावला व्हिडिओ कॉल झाला, त्यात सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "जावईबापू, पोरीचं नशीब काढलं तुम्ही." मागं टोपडं घातलेली अक्षदा माझ्या कानात गाजर घालत होती.

शनिवारी मी खरं सांगायचं ठरवलं. आतल्या खोलीत गेलो तर शितल रविवारच्या साडीला इस्त्री करत होती आणि गुणगुणत होती. "दादानं मला निळी साडी घेतलीय म्हणं," ती म्हणाली. "आईनं सांगितलं. माझा आवडता रंग ध्यानात हाय त्याच्या." माझा धीर झाला नाही. मी बाहेर येऊन पीठ आवरलं.

रविवारी भांडगावात मांडव गच्च भरला होता. रोहिदास नवं धोतर, नवा सदरा घालून पाटावर बसला होता. समोर ताटात हळदी-कुंकू लावलेली कोरी कात्री. शितलला बघून तो उठला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घाईघाईनं पुन्हा पाटावर बसला. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. वाटेत मी तीन थापा तयार करून ठेवल्या होत्या, त्यातली उवांची सगळ्यांत बरी होती.

मामानं भाचीला मांडीवर घेतलं. नाडी सोडली. टोपडं काढलं.

मांडवात वाजणारी सनई कुणीतरी बंद केली.

"शितल," रोहिदास हळू आवाजात म्हणाला, "हे काय हाय?"

"दादा, म्हणजे, झालं असं की," मी सुरू केलं, पण तोंडातून उवा बाहेर येईनात. शितलच्या चेहऱ्याकडे बघून खोटं बोलवेना. "मी कापलं. गुरुवारी. तिचा काही दोष नाही. तिला माहीतसुद्धा नाही."

"माहीत हाय की," शितल म्हणाली. "गुरुवारीच पोरीनं सांगितलं, मगाशी तुम्ही चहा पीत होता तवासुद्धा पुन्हा सांगितलं. पण दादा, पयली कात्री ह्यांची न्हाई. माझी हाय. पोरगी रांगत हुती तवापास्नं म्या कापतीय."

मी आणि रोहिदास दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"केस डोळ्यांत जायचं तिच्या. डोळं लाल व्हायचं. मग दर महिन्याला कपाळावरचं कापायचं. आपोआप भुवयांच्या वर थांबत्यात व्हय केस?"

हे मात्र मला लागलं. मी कंपनीत केसाएवढी चूक पकडतो. अडीच वर्षं माझ्या पोरीच्या कपाळावरचे केस सरळ रेषेत भुवईच्या वर थांबत होते आणि ते कोण थांबवतंय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला सगळ्या मांडवासमोर खरोखर लाज वाटली.

रोहिदास मात्र उठायला लागला. "म्हंजी पयली कात्री माझी न्हाईच. मग मला बसवलंय कशाला हितं?"

"बस खाली," धुरपदाबाई म्हणाल्या. "लई मामा झालाय. तुझं जावळ कुणी कापलं ठावं हाय का?"

"बारामतीच्या मामानं."

"तुझा मामा आला तू तीन वर्षांचा झाल्यावर. तवर तसंच ठिवलं असतं तर चकणा झाला असतास. म्याच कापत हुते, परड्यात बसून."

रोहिदास सावकाश आपल्या बायकोकडे, पूनमकडे वळला. "आन् आपल्या पोराचं?"

पूनम मांडवाच्या छताकडे बघायला लागली. तिचा भाऊ शेजारीच बसला होता. पोराच्या जावळात त्याचा केवढा मान झाला होता. त्यानं डोक्यावरचा फेटा काढून हळूच मांडीवर ठेवला. मागं बायकांत खसखस पिकली आणि मग ती थांबेचना. त्या सगळ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. आख्ख्या मांडवात पहिल्या कात्रीवर विश्वास ठेवणारे आम्ही पुरुषच होतो. आमचे सासरे सोपानराव म्हणाले, "माझंबी?" पण त्यांचं जावळ ज्यांनी बघितलं असेल त्या सगळ्या बायका वर गेल्या होत्या, त्यामुळे त्यांची अब्रू वाचली.

"मामाची कात्री मानाची असती, बाबा," धुरपदाबाई लेकाला म्हणाल्या. "कामाची कात्री आईला चालवावी लागती. तुझा मान कुणी घेतलाय? पोर मांडीवर हाय, कात्री म्होरं हाय."

रोहिदासनं भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून बघितला. मग त्याला हसू आलं. आधी दाबलं, मग दाबेना. "शितल," तो म्हणाला, "उगंच रुसलो गं म्या एवढं दिस." आणि त्यानं कात्री उचलली. सनई पुन्हा सुरू झाली. कापायला फारसं काही उरलं नव्हतं, तरी त्यानं जे होतं ते मनापासून कापलं. अक्षदा मध्येच म्हणाली, "पप्पूकाका गार पाणी मारतो," पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

जेवणं झाल्यावर मी शितलला बाजूला गाठलं. "गुरुवारीच कळलं होतं, तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर गुरुवारीच तुम्ही पोरगी परत दिली असती," ती म्हणाली. "मला झोप लागली हुती चांगली."

 तेवढ्यात रोहिदास आला. हातात निळी साडी होती. "आता शितलला आठवडाभर न्हाई सोडायचा मी. तीन भाऊबिजा ऱ्हायल्यात." मी मान डोलावली. मनात म्हटलं, वा, आठवडाभर घरी एकटा, पाय पसरून.

"आन् पोरगी?" पूनमनं विचारलं.

"ती ह्यांच्याबरं जाईल की," शितल म्हणाली. "तिला आता बापाचीच सवय झालीय. तीन दिस सगळं ह्यांनीच केलंय, इचारा सिंधूबाईंना."

मांडवातल्या यच्चयावत बायकांनी माझ्याकडे अशा कौतुकानं बघितलं की नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

सोमवारी सकाळी मी एबनेझर साहेबांना फोन लावला. एका हातात वरणभाताची वाटी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, आणि पाठीवर अक्षदा.

"कार्य झालं ना रविवारी?" साहेबांनी विचारलं.

"झालं साहेब. पण अजून आठवडाभर रजा लागेल. मिसेस माहेरी आहेत, मुलगी माझ्याकडं आहे."

"म्हणजे तू घरीच असणार?"

"हो साहेब."

"दिवसभर?"

"दिवसभर."

 साहेब मनाचे फार चांगले, ते माझ्याच हिताचा विचार करत होते. "मग रजा कशाला वाया घालवतोस?" ते म्हणाले. "घरीच बसून आहेस, काही काम तर नाही तुला. ऑडिटचं सगळं पाठवतो, संध्याकाळपर्यंत निवांत करून टाक."

मी बोलायला तोंड उघडलं. अक्षदानं पाठीवरून हात लांबवून वाटीतला एक मोठा घास त्यात कोंबला आणि तो गिळेपर्यंत माझं तोंड दाबून धरलं. साहेबांनी तो होकार समजून सगळं पाठवूनही दिलं.